नोकरदार नास्तिकाचा नित्यनेम

नास्तिक असणे हा भारतात गुन्हा नाही. घटनेचे २५वे कलम सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते. १९७६ सालच्या ४२व्या दुरुस्तीने तर वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्यच करून टाकले. परंतु घटना असते पुस्तकात, आणि हजेरीच्या मशीनच्या वर, लुकलुकत्या माळेत, असतो गणपती. अंगठा लावताना मान आपोआप खाली जाते, तिचा फायदा घ्यावा. लांबून नमस्कारच वाटतो.

आपण देव मानत नाही हे कचेरीत जाहीर करू नये. ते कळतेच, आणि बहुधा डब्यावरून कळते. संकष्टीला ‘आज उपास ना?’ या प्रश्नावर ‘नाही’ म्हणून थांबणे धोक्याचे. ‘ॲसिडिटी आहे हो’ असे म्हणावे. पित्तापुढे महाराष्ट्रात सगळी दर्शने हात टेकतात. खिचडी मात्र समोर आली तर सोडू नये. ‘देव चालत नाही, साबुदाणा बरा चालतो!’ हा टोमणा येणारच. तो दाण्याच्या कुटाबरोबर गिळावा.

खरी परीक्षा सत्यनारायणाची. नव्या जागेत गेलो, जुन्या जागेला रंग दिला, किंवा नुसतेच टार्गेट हुकले, तरी पूजा घातली जाते. त्या दिवशी रजा टाकू नये, रजेची नोंद राहते. त्यापेक्षा केळीचे खुंट, सतरंज्या आणि द्रोण यांची जबाबदारी अंगावर घ्यावी. धावपळ करणाऱ्याला ‘या, हात जोडा’ असे कोणी म्हणत नाही. उलट ‘किती मनापासून करतो!’ म्हणतात. कथा मात्र लक्ष देऊन ऐकावी. बाकीचे भाविक मोबाइलवर मेल बघत असल्याने गुरुजींनाही एखादा श्रोता हवाच असतो. शिवाय सहकाऱ्यांच्या रागाचे मूळ त्या कथेतच आहे. कलावती नवऱ्याला भेटायच्या घाईत प्रसाद न घेता धावली, तर नवऱ्यासकट नौका गडप झाली. तुंगध्वज राजाने गोपांनी पुढे केलेला प्रसाद घेतला नाही, तर त्याचे शंभर पुत्र गेले. म्हणजे चूक एकाची आणि भरपाई भलत्याच्याच खात्यातून. आता तुम्ही शिऱ्याचा द्रोण परत केलात, तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाला आपली वेतनवाढ बुडताना दिसणार नाही तर काय? चार वाजता सर्व्हर बसला की सगळ्या माना तुमच्याकडे वळतात, त्या या शास्त्राधारे. तेव्हा शिरा खावा. सव्वाच्या मापाने रवा, तूप, साखर आणि वर केळे. यात नास्तिकाने नाकारावे असे काहीही नाही.

स्त्री नास्तिकांसाठी अभ्यासक्रम मोठा आहे. नवरात्राचे नऊ रंग कुठल्या पोथीत सांगितलेले नाहीत, ते वर्तमानपत्रांनी घरोघरी आणि लोकलच्या डब्यात पोचवले. पण पिवळ्याच्या दिवशी निळा कुर्ता घालून आलेल्या बाईकडे जसे पाहिले जाते, तसे लाच खाणाऱ्याकडेही कोणी पाहत नाही. कधी चुकून रंग जुळलाच तर ग्रुप फोटोत मधोमध उभे करतात, ‘बघा, आली ना माणसांत!’

यापुढचे कलम आडनावानुसार बदलते, ते प्रत्येकाने आपापले वाचावे. कुलकर्ण्यांनी हात जोडले नाहीत तर ते विक्षिप्त, वाचन फार, सोडून द्या. कांबळ्यांनी जोडले नाहीत तर ते ‘मुद्दाम करतात’. आणि शेखांनी जोडले नाहीत तर त्यांना नास्तिक म्हणायलाच कोणी तयार होत नाही. देव मानत नसल्याचे त्यांनी कितीही सांगितले तरी त्यांचा नकार त्यांच्या धर्माच्या खात्यात जमा होतो. वर ‘तुमच्यातल्यांना सांगा की हे!’ हा सल्ला. या गृहस्थांसाठी आमच्याजवळ तूर्त कोणतीही युक्ती नाही.

साहेब देवाबद्दल कधी बोलत नाहीत. वार्षिक मूल्यमापनात फक्त ‘मिळूनमिसळून वागत नाही’ असे लिहितात. अपील करायचे असल्यास पूर्वसूरींचे दाखले हाताशी असावेत. आगरकरांची तर ते जिवंत असतानाच पुण्यात प्रेतयात्रा निघाली. तरी १८९२पासून अखेरपर्यंत ते फर्ग्युसनचे प्राचार्य राहिले, कारण ज्या संस्थेचे ते कॉलेज, तिच्या संस्थापकांत ते स्वतः होते. सर्वांत खात्रीचा उपाय हाच, पण त्याला भांडवल लागते. र. धों. कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवत. बोलले ते संततिनियमनावर, आणि नोकरी गमावून बसले ती गणिताची. नाशिककडच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेला हात जोडले नाहीत, म्हणून त्याची वरची वेतनश्रेणी अडली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे हात न जोडण्याचा हक्क पक्का आहे, फक्त तो मिळवायला वकिलापुढे हात जोडावे लागतात. सरकारवर मात्र विसंबू नये. जानेवारी २०१७मध्ये शाळा-कचेऱ्यांतल्या देवादिकांच्या तसबिरी काढण्याचे परिपत्रक निघाले, ओरड झाली, आणि तसबिरी जागच्या जागी राहून परिपत्रकच उतरले.

चहाच्या वेळी ‘विमान हलायला लागलं की आठवेल देव’, ‘कुठली तरी शक्ती आहेच ना?’ वगैरे प्रश्न येतील. विमानाच्या प्रश्नाला ‘तिकीट कंपनी काढणार असेल तर सांगतो’ हे उत्तर पुरे. शक्तीच्या प्रश्नावर ‘आहे, एचआर’ म्हणावे. वाद घालू नये. जिंकलात तरी पुढच्या महिन्याची वर्गणी मागायला तोच माणूस येणार आहे. ती द्यावी, आणि पावती मागू नये. पावती मागणाऱ्याला नास्तिकाहून वाईट समजतात.

राहता राहिली खंडेनवमी. दसऱ्याला सुट्टी असल्याने शस्त्रपूजा आदल्या दिवशीच उरकतात आणि तुमच्या गैरहजेरीत तुमच्याही संगणकाला हळद-कुंकू, झेंडू, आपट्याचे पान वाहतात. ते लगेच पुसू नये. झेंडू दोन दिवसांनी आपण होऊनच वाळतो. हळद स्पेसबारखाली जाऊन तो अडकला तर आयटीकडे रीतसर तक्रार नोंदवावी. तक्रारीच्या फॉर्मवर ‘पूजा’ असे कारण दिलेले नसते. ‘खाद्यपदार्थ सांडला’ असे असते, त्यावर खूण करावी.