आरएक्स शंभर पळवावी कशी? नवशिक्यांसाठी सोपे मार्गदर्शन

लागणारं साहित्य: एक यामाहा आरएक्स शंभर, एक मिस्त्री, घरी हिशेब द्यावा लागणार नाही असा थोडा पैसा आणि भरपूर चहा. गाडी १९८५ ते १९९६ मधली कुठलीही चालेल. विकणारा ‘ओरिजिनल जपान इंजिन’ म्हणेलच, मान डोलवा. सुरुवातीच्या गाड्यांचे भाग जपानहून यायचे हे खरं, पण आज महाराष्ट्रात जेवढी जपान इंजिनं विकायला काढलेली आहेत तेवढी त्या बोटीत चढवली असती तर बोट बंदरातच बुडाली असती.

इंजिन ९८ सीसीचं. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५०, ताकद ११ बीएचपी आणि गाडीचं वजन शंभर किलोच्या जरासं वर. एवढ्या भांडवलावर ही गाडी सिग्नल सुटला की भल्याभल्यांना मागे टाकायची, आणि कारखान्यातून ती तशीच आली होती. ही गोष्ट लगेच विसरा. लक्षात राहिली तर पुढचं काहीच करावंसं वाटणार नाही.

ज्यांची उडी मोठी आहे त्यांनी अमेरिकेत १९८७ ते २००६ या काळात विकली गेलेली यामाहा बॅन्शी शोधावी. चार चाकांची, वाळूच्या टेकड्यांवर उडवायची गाडी. इंजिन आरडी ३५० एलसीच्या घराण्यातलं, ३४७ सीसीचं. खालचे सगळे नियम तिलाही लागू आहेत, फक्त पिस्टन दोन असल्यामुळे खर्चही दोनदा.

तर आधी सायलेन्सर कापा. सगळे तेच करतात. आतली जाळी काढा, मागचा भाग उडवा आणि गल्लीतून एक चक्कर मारा. कुत्री उठतील, आजोबा उठतील, आणि गाडी तिप्पट जोरात पळतेय असा भास होईल. प्रत्यक्षात ती मंदावलेली असते. हे इंजिन टू-स्ट्रोक, त्याला धूर अडवणारे वॉल्व्ह नसतात. जळका धूर बाहेर जाताना थोडं ताजं पेट्रोलही त्याच्यामागे निसटतं. नळी पुढे रुंद होत जाते तिथे दाबाची लाट उलटते आणि सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेते. पुढे ती निमुळती होते तिथून दुसरी लाट परत येते आणि निसटलेलं पेट्रोल पोर्ट बंद व्हायच्या आत पुन्हा आत ढकलते. म्हणजे सायलेन्सर म्हणून तुम्ही जे कापलंत ते अर्धं इंजिन होतं.

हे गणित पूर्व जर्मनीच्या एमझेडमध्ये वाल्टर काडेन या इंजिनिअरने पक्कं बसवलं. त्याचा रेसर अर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये स्वीडनच्या शर्यतीतून थेट पळून गेला, ते ज्ञान घेऊन सुझुकीकडे पोचला आणि १९६२ मध्ये सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. ज्या नळीचं गुपित बरोबर घेऊन एका माणसाने देश सोडला ती आपल्याकडे ग्रिलच्या दुकानात चहा येईपर्यंत कापून मिळते.

आता कार्बोरेटर. मूळचा मिकुनी काढून मोठ्या तोंडाचा लावा. कुठल्या गाडीचा ते विचारू नका. एअर फिल्टरचा डबा भंगारात द्या, म्हणजे हवा मोकळी येईल. मेन जेट मात्र आहे तोच ठेवा, कारण जेटला पैसे पडतात आणि तो कोणाला दिसत नाही. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच, मिश्रण पातळ. गंमत अशी की मिश्रण पातळ होत जातं तसं इंजिन कधी नव्हे इतकं गोड पळायला लागतं. आवाज मोकळा, पिकअप चाबूक. मित्राला फोन करून ‘सेटिंग जमलं’ असं सांगायची हीच वेळ, कारण थोड्याच वेळात पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटेल आणि मागचं चाक जागच्या जागी लॉक होईल.

असं होऊ नये असं वाटणाऱ्या रसभंग्यांसाठी एक जुनी रीत आहे. नवा प्लग लावायचा. पहाटे मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन थोडं अंतर जायचं, आणि रेस न सोडता एकदम क्लच दाबून चावी बंद करायची. गाडी सरकत थांबली की कडेला घेऊन, हात भाजणार नाही अशा बेताने फडक्याने प्लग काढायचा आणि त्याच्या पांढऱ्या चिनी मातीचा रंग बघायचा. भाजलेल्या खोबऱ्यासारखा असेल तर ठीक. काळा, ओला असेल तर पेट्रोल जास्त. कोरा पांढरा असेल तर गाडी ढकलत आणली तरी चालेल, पण जेट बदलल्याशिवाय पुन्हा रेस देऊ नका. साताऱ्यात असं सेटिंग करून साडेतेराशे मीटरवर महाबळेश्वरला गेलात की तिथे हवा विरळ, म्हणून तीच गाडी घुटमळते. त्याला मिस्त्री जबाबदार नाही. बहुतेक वेळा असतो, पण याला नाही.

ऑइलबद्दल दोन पंथ आहेत. एक म्हणतो कमी घाला, प्लग साफ राहतो. दुसरा म्हणतो जास्त घाला, इंजिन जपतं. पेट्रोलमध्ये ऑइल वाढवलं की तेवढ्या थेंबात पेट्रोल कमी येतं, म्हणजे मिश्रण पुन्हा पातळच. नवशिक्याने दोन्ही पंथांच्या नादी लागून गाडीचा ऑइल पंप काढून टाकावा आणि मग पंपावर उभं राहून अंदाजाने बाटली ओतावी.

पोर्टिंग हा खास आवडीचा भाग. ग्राइंडर कोणाकडेही असतो, पुतण्याकडेसुद्धा. एक्झॉस्ट पोर्ट वर खरवडला की ताकद वरच्या आरपीएमला सरकते. खाली काही उरत नाही. सपाट हायवेवर मजा, खंबाटकीच्या घाटात ट्रकमागे अडकलात की दर वळणाला पहिला गिअर. रुंदी वाढवून कडा तशाच धारदार ठेवल्या तर रिंग अडकून मोडते. खरवडलेलं लोखंड परत भरता येत नाही, एवढं पुतण्याला आधी सांगून ठेवा.

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं तर किती घासलं ते मोजू नये असा संकेत आहे. मोजणारे लोक प्लगच्या भोकातून सोल्डरची तार पार सिलिंडरच्या भिंतीपर्यंत सरकवतात, पिस्टन हाताने एकदा वरून पुढे काढतात आणि चेपलेलं टोक व्हर्नियरने बघतात. एक मिलिमीटरच्या आसपास आलं की समाधानाने घरी जातात. असल्या माणसांच्या गाड्या वर्षानुवर्षं चालतात आणि गप्पांना विषय मिळत नाही.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारा मिस्त्री असतोच. तो यातलं काहीच करत नाही. क्रँकची दोन्ही ऑइल सील बदलतो, रिंगा नव्या घालतो, फाटकी रीड काढतो, सायलेन्सर कॉस्टिक सोड्याने धुऊन वर्षांचा कार्बन बाहेर ओततो आणि गाडी देतो. ती कारखान्यातून आल्यासारखी पळते, म्हणून त्याच्याकडे जाऊ नका. फोटो काढण्यासारखं तो काही लावत नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या गाडीत परस्पर बदल चालत नाही. कर्कश सायलेन्सर पोलिस जप्त करतात, रस्त्यावर ओळीने मांडतात आणि वरून रोड रोलर फिरवतात. तुमची नळी तेव्हा वर्तमानपत्रात दिसू शकते.

सगळं जोडून झालं की चाचणी घ्या. डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर असू द्या. इंजिन एकदम जड वाटलं, आवाज बसला, की क्लच दाबा, कडेला घ्या आणि थंड होऊ द्या. मग लेथवाल्याकडे. तो बोअर करून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन बसवेल. पुढच्या वेळी अर्धा, मग पाऊण, मग एक. म्हणजे हे मार्गदर्शन चार वेळा वापरता येतं. पाचव्या खेपेला नवी स्लीव्ह ठोकून घ्या आणि स्टँडर्ड पिस्टनपासून पुन्हा सुरू करा.