शेवटच्या कडव्यातला माणूस

ओटिस ब्लॅकवेल हा न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा माणूस. पोटासाठी कपड्यांना इस्त्री करायचा, जिवासाठी गाणी लिहायचा आणि ती गायचाही. त्याचं गाणं म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकेचं ऱ्हिदम अँड ब्लूज. 1955च्या नाताळाच्या आदल्या दिवशी त्यानं सहा गाणी प्रत्येकी 25 डॉलरला विकून टाकली. त्यातलं ‘डोन्ट बी क्रूएल’ पुढच्या वर्षी एल्विस प्रेस्लीनं गायलं आणि जग डोलायला लागलं. तबकडीवर गीतकार मात्र दोन छापले: ब्लॅकवेल आणि प्रेस्ली. प्रेस्लीनं त्यात शब्दसुद्धा लिहिला नव्हता, पण अर्धं नाव द्या, मगच गातो, असा तिथला व्यवहार. ब्लॅकवेल नमुन्यादाखल गाणं स्वतः गाऊन पाठवी, त्यातली ढबसुद्धा पुढे प्रेस्लीच्या गळ्यात ऐकू येई. ‘फीव्हर’ तर त्यानं करारांच्या भानगडीमुळे जॉन डेव्हनपोर्ट या नावानं लिहिलं. म्हणजे एका गाण्यावर परक्याचं नाव, दुसऱ्यावर स्वतःचंच खोटं. प्रेस्लीला तो आयुष्यात कधी भेटला नाही. एका परीनं बरंच झालं. भेटून बोलणार काय?

या दुखण्यावर आपल्याकडे फार जुनं औषध आहे. लग्नात आलेल्या पातेल्यावर नाव घालून घेतात, तसं आपले कवी गाण्यातच नाव घालून ठेवतात. छापखाना नको, करार नको. यातला एक मोठा कारागीर आमच्या जालना जिल्ह्यातला, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा. समर्थ रामदास 1608 साली जन्मले आणि जालना जिल्हा 1 मे 1981ला, पण हक्क सांगताना असा हिशेब करायचा नसतो. गणपतीची जी आरती घरोघरी त्यांची म्हणून गातात, तिच्या शेवटच्या कडव्यात हा रामाचा दास देवाची वाट बघत बसलेला सापडतो. तोवर आपलं लक्ष मोदकांकडे गेलेलं असतं, ही गोष्ट वेगळी.

पण ब्लॅकवेलच्या पंगतीला खरा शोभतो तो वामनदादा कर्डक. 15 ऑगस्ट 1922चा जन्म, गाव सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. शाळेचं तोंड पाहिलं नाही. मुंबईत मिळेल ते काम केलं. चाळीत कुणीतरी पत्र वाचून मागितलं आणि आपल्याला वाचता येत नाही या शरमेनं हा तरणाबांड गडी रडला, असं सांगतात. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून बाराखडी शिकला आणि दुकानांच्या पाट्या वाचत पुढचं शिक्षण पुरं केलं. पाट्यांच्या विद्यापीठाचा एवढा मोठा पदवीधर दुसरा नसेल. 1943 साली पहिलं गाणं रचलं, तेही एका हिंदी गाण्याचं विडंबन. नंतर बाबासाहेबांचा विचार घेऊन गावोगाव गात हिंडला. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ अशी पुस्तकं निघाली, पण गाणी पुस्तकांच्या आधीच वस्तीवस्तीत पोचलेली असत. ज्याला लिहिता येत नव्हतं त्याची गाणी, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना पाठ! ब्लॅकवेलकडे रेकॉर्ड कंपन्या होत्या, दादांकडे माणसं होती. पैशाच्या बाबतीत दोघेही फसले असणार, पण दादांनी एक शहाणपणा केला. कित्येक गाण्यांच्या शेवटी ‘वामन’ बसवून दिला. दुसऱ्या कुणी गायलं तरी तो काढता येत नाही. काढला तर यमक बोंबलतं.

15 मे 2004ला दादा गेले. गाणी अजून चालू आहेत. बाबासाहेबांच्या जयंतीला, 14 एप्रिलला, जालन्यात नुसतं दारात उभं राहा. भिंतीएवढे स्पीकर, खिडक्यांच्या काचा तालात, आणि त्यात कुठेतरी दादा. फक्त आता नवी अडचण उभी राहिली आहे. डीजेवाल्यांना मुखडा लागतो, ठेका लागतो, फार तर पहिलं कडवं. नाव तर शेवटच्या कडव्यात. ज्या कुलपाला प्रेस्लीच्या वकिलांचीही किल्ली लागली नसती, ते एका पोराच्या बोटानं उघडतं.

गेल्या जयंतीला मी अशाच एका पोराच्या कानाशी ओरडून म्हटलं, “बाळा, हे एवढं पूर्ण वाजू दे की!”

“काका,” तो हेडफोन सारत ओरडला, “शेवटी काय आहे त्यात?”

“ज्यानं लिहिलं, तो आहे.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग गर्दीकडे पाहिलं. “मग त्याला पहिल्या कडव्यात घ्यायचं ना!” म्हणाला, आणि गाणं बदललं.