तहकुबी नामंजूर

मनोरंजन म्हणजे श्रमपरिहार, अशी ज्यांची भाबडी समजूत अद्याप शाबूत असेल, त्यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेला ‘एल्डन रिंग’ हा जपानी खेळ त्याच वर्षीच्या मूळ ‘स्टीम डेक’ या हातात धरायच्या खेळयंत्रावर अवश्य खेळून पाहावा. प्रारंभीच्या गुहेतून बाहेर पडून हिरव्या कुरणात चार पावले टाकावीत, तोच एक सुवर्णकवचधारी घोडेस्वार, आपण नवखे आहोत याचा यत्किंचितही मुलाहिजा न ठेवता, आपल्याला यमसदनी धाडतो. गाठीचे ‘रून्स’ (खेळातले चलन) मृत्युस्थळीच पडून राहतात, आणि ते हस्तगत करण्यापूर्वी पुन्हा मरण ओढवले तर कायमचे बुडीत खाती जातात. दाद ना फिर्याद! इकडे सात इंची पडद्यावरची बारीक अक्षरे वाचता वाचता डोळे आणि पाऊण किलोच्या आसपासचे ते धूड पेलता पेलता मनगटे जेरीस आलेली असतात, तर प्रवासासाठी म्हणून हौसेने घेतलेले यंत्र, बॅटरी दोनेक तासांतच मान टाकत असल्याने, दावणीच्या गुरासारखे भिंतीच्या प्लगला बांधलेले असते. लढाई तहकूब करण्याचे सरळ बटण खेळाच्या कर्त्यांनी ठेवलेलेच नाही. ती मेहेरबानी यंत्राची झोपेची कळ करते, पण खेळ ऑनलाइन असल्यास जागे होताच संपर्क तुटून रवानगी थेट मुख्य मेनूवर होते. तेव्हा खेळ ऑफलाइन लावावा, आणि चार्जर विसरू नये.