ओलीवर पुट्टी

भिलाईच्या सुपेल्यात एखादं घर विकायला निघालं आहे हे कळायला पाटीची गरज नसते. तीस वर्षं फिक्कट पिवळ्या डिस्टेंपरमध्ये सुखानं नांदलेली भिंत एका सकाळी राखाडी होते, तिच्या कडेला केशरी पट्टा येतो, फाटकावर सोनेरी भाले चढतात आणि काका मिस्त्रीला विचारतात, “याने किती लाख वाढतील?” मिस्त्री अनुभवी असतो. तो म्हणतो, “अंकलजी, देखनेवाला देखते रह जाएगा.” मिस्त्रीचा शब्द खरा ठरतो. येणारा गिऱ्हाईक बघतच राहतो. घेत मात्र नाही.

हा सोहळा हल्ली आपल्या भागात वारंवार होतो, कारण हिशेबच तसा जुळून आला आहे. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, 1959 च्या फेब्रुवारीत भिलाईचा पहिला ब्लास्ट फर्नेस पेटला आणि विदर्भातून आलेली मराठी माणसं सेक्टरांतल्या क्वार्टरांत रुजली. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडणं आलं. मग पीएफ आणि ग्रॅच्युइटी एकत्र करून कुणी नेहरूनगरात, कुणी वैशालीनगरात, कुणी कोहक्याला घर बांधलं. आता मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूत आणि नातू मोबाईलच्या पडद्यात. दोघांसाठी पाच खोल्या झाडायच्या कुणी? तेव्हा ठरतं, विकूया. आणि ठरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सल्लागारांची रीघ लागते.

दलाल म्हणतो फॉल्स सीलिंग करा. जावई म्हणतो मॉड्युलर किचन हवंच. भाचा व्हॉट्सअ‍ॅपवर इटालियन मार्बलचे फोटो पाठवतो, कारण पैसे त्याचे नसतात. वीस वर्षं काकू कडाप्प्याचा ओटा दोन इंच उंच करून मागत होत्या, कंबर दुखते म्हणून. तेव्हा उत्तर मिळायचं, “आहे त्यात काय वाईट आहे?” आता एका अनोळखी बाईच्या कंबरेची काळजी म्हणून ग्रॅनाइट आला, चिमणी आली, धक्का दिला की आपोआप हळूच मिटणारे ड्रॉवर आले. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, इथे तर झोपा दुसऱ्याच्या बैलासाठी. शेवटी ती अनोळखी बाई येते, ओट्यावरून हात फिरवते आणि नवऱ्याला म्हणते, “ये तो तोड़ना पड़ेगा, किचन आग्नेय में नहीं है.”

खरी परीक्षा घ्यायला गिऱ्हाईक एकटा येत नाही, सासऱ्यांना घेऊन येतो. सासरे स्वतः प्लांटमधून निवृत्त झालेले असतात, त्यांना झुंबरात रस नसतो. ते चप्पल काढून सरळ कूलरच्या खिडकीखाली जाऊन उभे राहतात. तिथं दर उन्हाळ्यात कूलरची टाकी भरून वाहिलेली असते, लोखंडी स्टँडचा गंज ओघळून भिंतीत मुरलेला असतो आणि त्यावर परवाच पुट्टीचे दोन हात आणि वर महागडा रंग बसलेला असतो. सासरे खिशातून किल्ली काढून टकटक करतात. आवाज पोकळ येतो. किल्लीचं टोक जरा टेकवताच पुट्टीचा पोपडा सुटून त्यांच्या तळहातावर येतो. ते एक शब्द बोलत नाहीत, फक्त तो पोपडा जावयाच्या हातात देतात. त्या पोपड्याबरोबर भावही उतरतो. शिवाय संशय सगळ्या घरावर पसरतो, कारण एक भिंत खोटं बोलली की उरलेल्या भिंतींवर कोण विश्वास ठेवणार?

खरं तर यात गूढ काही नाही. पाणी कूलरच्या टाकीतून येतं, गच्चीच्या स्लॅबमधून येतं, पॅरापेटच्या कोपऱ्यातून येतं, नाहीतर वरच्या बाथरूमच्या पाइपच्या सांध्यातून. ते बाहेरून, उगमापाशी थांबवावं लागतं. आतून पुट्टी लावली की पाणी थांबत नाही, फक्त मुक्काम बदलतं. पण गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलेलं कुणाला दिसत नाही, त्यावर उभं राहून फोटो काढता येत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर खर्च करायचा आपला स्वभाव नाही.

अमेरिकेत या विषयावर दरवर्षी ‘कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू’ नावाचा अहवाल निघतो. कोणत्या सुधारणेवर केलेला खर्च घर विकताना किती वसूल होतो, याचा त्यात अंदाज असतो. 2024 च्या अहवालात सर्वात वर होता गॅरेजचा दरवाजा आणि त्याच्या पाठोपाठ पोलादी प्रवेशद्वार. दोन्हींत खर्चाच्या जवळजवळ दुप्पट परत. आलिशान किचनचे मात्र निम्मे पैसेही सुटत नव्हते. तिकडचा बाजार वेगळा, तिकडे कूलर नाही आणि सासरेही नाहीत, हे मान्य. तरी पोलादाच्या गावात राहणाऱ्यांना ही बातमी अमेरिकेतून कळावी याची गंमत वाटते. भिलाईच्या रुळांवरून अख्ख्या देशाच्या गाड्या धावतात, आणि आपल्या फाटकाची बिजागरी कुरकुरते. दोन थेंब तेलाचं काम; पण ते कोणत्याही कोटेशनमध्ये नसतं, म्हणून होत नाही.

सर्वात मोठी ओल मात्र भिंतीत नसते, कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. प्लॉट साडाच्या (विशेष क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या) काळातला लीजचा, फ्री होल्ड करून घ्यायचं राहूनच गेलं. नकाशा मंजूर झाला तळमजल्याचा, वरची खोली मुलाच्या लग्नात उठली. घर वडिलांच्या नावावर, वडील जाऊन दहा वर्षं झाली, नामांतरण ‘करायचंच आहे’. मालमत्ता कराची शेवटची पावती कोणत्या सालची आहे ते देवाला माहीत. छत्तीसगडमध्ये विनापरवाना बांधकाम नियमित करण्याचा कायदा 2002 पासून आहे, 2022 मध्ये त्यात दुरुस्तीही झाली. पण त्यासाठी निगमाच्या खेपा घालाव्या लागतात, आणि खेपा घालण्यापेक्षा फॉल्स सीलिंगमध्ये रंगीत दिवे लावणं सोपं. गिऱ्हाइकाला कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील ते दिवे बघायला येत नाही. त्याला कागद हवे असतात, आणि कागद नसले की सौदा दिव्यांच्या उजेडातच मोडतो.

आयकर खात्याचंही रंगाशी वाकडं आहे. जुन्या घरात खोली वाढवली आणि बिलं जपून ठेवली, तर नफा काढताना तो खर्च मोजला जातो. रंगरंगोटी आणि किरकोळ डागडुजी मोजली जात नाही. दलालाची दलाली मात्र वजा होते. म्हणजे सरकारच्या लेखी दलाल हा खर्च आणि रंग ही हौस. आणखी एक. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही; घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. तरीही भिंती शुभ्र करायला लाखभर घालवणारे सद्गृहस्थ सौद्याच्या वेळी आवाज खाली आणून विचारतात, “व्हाइट कितना, ब्लॅक कितना?” घर पांढरं, व्यवहार काळा, अशी ही रंगसंगती कुठल्याच शेडकार्डात सापडत नाही.

तेव्हा विकायच्या आधी करायचंच असेल तर एवढं करा. गच्ची आणि पाइपांचे सांधे बाहेरून नीट करा. गळणारे नळ, सैल स्विचबोर्ड आणि अर्थिंग एका इलेक्ट्रिशियनकडून आणि एका प्लंबरकडून तपासून घ्या. माळ्यावरचं सामान काढून टाका, सगळीकडे एकच फिका रंग द्या, बिजागरीला तेल घाला. उरलेले पैसे आणि उरलेली सगळी चिकाटी फाइलवर खर्च करा: नामांतरण, कराच्या पावत्या, मंजूर नकाशा, नियमितीकरण. मार्बल, झुंबर आणि सोनेरी भाले नव्या मालकाच्या हौसेला सोडा. तो तसंही तुमचं सगळं फोडणारच आहे. आणि घर दाखवायचा मुहूर्त? ओल झाकली असेल तर मेमध्ये दाखवा आणि देवाचा धावा करा. ओल काढली असेल तर बेलाशक भर ऑगस्टमध्ये दाखवा, सासऱ्यांसकट बोलवा.