सवाईला जाताना डावीकडे वळू नये

मी गाण्यातला दर्दी आहे अशी राणीसावरगावात माझी ख्याती आहे. ती मीच पसरवली. विलंबित ख्याल सुरू झाला की माझे डोळे मिटतात, मान खाली येते आणि द्रुत सुरू होईपर्यंत मी कुणाच्या अध्यात नसतो, मध्यात नसतो. लोकांना वाटतं, तल्लीन झाला. भजनी मंडळात मी टाळ वाजवतो, तोही सगळ्यांत मागे बसून; पुढं मास्तर बसू देत नाहीत. एवढ्या भांडवलावर पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जायची टूम मीच काढली.

गाडी पाटलांची, म्हणजे त्यांच्या वडिलांच्या काळातली जीप. मास्तरांचं म्हणणं, एसटीनं जाऊ. पाटलांनी ते एका वाक्यात निकालात काढलं: "भीमसेनजी सोता गाडी हाणत मैफिलीला जायचे, आन् आपण ऐकायला जाणार ते एश्टीत बसून?" हे मात्र खरं. भीमसेन जोशींना गाडी चालवायचं जबर वेड होतं. अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घरातून पळाले तेव्हा रेल्वेनं, आणि बिनतिकीट. तिकीट तपासनीस आला की गाणं म्हणून दाखवायचे. मला तो मार्ग बंद आहे. माझं गाणं ऐकून तपासनीसानं दंड दुप्पट केला असता.

रेणुकामातेला नारळ फोडून पहाटे निघालो. गंगाखेडला जनाबाईला आणि परळीला वैजनाथाला गाडीतूनच हात जोडले. अंबाजोगाईच्या घाटात पहिल्या डाव्या वळणाला हॉर्न वाजला. पाटलांनी दाबला असेल म्हणून आम्ही गप्प. दुसऱ्या डाव्या वळणालाही वाजला. उजवीकडे वळताना शांतता, डावीकडे वळलं की भोंऽऽ, आणि वळण संपेस्तोवर थांबायचं नाव नाही.

"काळी चार," मास्तर म्हणाले. "पक्की काळी चार. आपल्या मंडळाची पट्टी."

वारकरी भजन उंच पट्टीत चालतं हे मान्य, पण ती पट्टी बॉनेटखालून मिळेल अशी कल्पना नव्हती. घाट चढेपर्यंत मास्तरांनी त्या स्वरावर दोन अभंग ओढून काढले. उजव्या वळणावर आधार सुटायचा, तेवढ्यापुरते ते मांडी थोपटत थांबायचे.

अंबाजोगाईत एका गॅरेजवाल्या पोरानं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. सकाळी सकाळी अख्खा चौक जमा झाला. "आत वायर सोलली हाय. डावीकडं फिरवलं की दांड्याला टेकायली, मंग अर्थिंग भेटायलंय. सगळं खोलावं लागंल. दुपार व्हईल."

"मग हॉर्नची वायरच काढून टाक," मास्तर म्हणाले.

"घाटात, ऊसवाल्या ट्रॉल्यांमधून हॉर्नबिगर?" पाटील कडाडले. "मी लेकराबाळाचा बाप हाव, मास्तर."

फ्यूज काढावा तर ब्रेकलाईट त्याच फ्यूजवर. पाटलांनी पोराच्या हातावर चहाचे पैसे ठेवले आणि आम्ही पुढे निघालो. चौकातून बाहेर पडायचा रस्ता डावीकडेच होता.

केजच्या बाजारात पाटलांना युक्ती सुचली. डावीकडे जायचंय ना, मग तीनदा उजवीकडे वळायचं. भूमिती बिनचूक होती. फक्त तिसरी उजवी गल्ली एका गोठ्यात संपत होती. तिथून जीप मागे काढायची तर स्टिअरिंग डावीकडे पिळल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. काळी चार लागली तशी म्हैस दाव्याला हिसका देऊन उठली, आतून एक आजी काठी घेऊन आल्या, आणि मागच्या बोळात दवाखान्याची 'हॉर्न वाजवू नये' ही पाटी आमच्याकडे बघत राहिली. "आवं कामून वरडायलाव एवढं?" आजी विचारत होत्या. पाटील दोन्ही हात वर करून आपण काही दाबलेलं नाही हे दाखवत होते. दोन्ही हात वर, गाडी मागे, आवाज चालूच. आजींनी काठी टेकली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

पाटोदा ओलांडून जामखेडकडे लागलो तेव्हा मला इतिहास आठवला. खर्डा इथून जवळच. १७९५ साली निजामाची फौज पेशव्यांशी लढायला या बाजूला आली आणि खर्ड्याच्या गडीत कोंडून घेऊन तह करून बसली. आम्ही १९४८ पर्यंत निजामाचीच प्रजा. आमच्या बाजूच्या लोकांना पुण्याकडे जाताना याच टापूत अवदसा आठवते हे मी सांगितलं. पाटील म्हणाले, निजामाची पण गाडी जुनी आसंल.

शिरूरच्या अलीकडे चहाला डावीकडे वळलो, अर्थातच वाजतगाजत. शेजारी उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. तिच्या आडून एक बाई बघत आली; डोक्याला फडकं, हाताला पाचटाचे ओरखडे. आधी नंबरप्लेट बघितली. "एमएच बावीस? कुठले वं तुमी?"

राणीसावरगाव म्हटल्यावर तिचा चेहराच बदलला. आमच्याच डोंगराकडच्या तांड्यावरची. दिवाळी झाली की नवराबायकोनं कोयते घेऊन निघायचं, पोरगा आजीपाशी. "तुमच्यात कुणी मास्तर हाय का?" मास्तर पुढे झाले. "माझं पोरगं साळंला जातंय का न्हाई, तेवढं बघा. फोनवर तर जातो म्हनतंय. लबाड हाय." मास्तरांनी खिशातून सीझन तिकिटाचं पाकीट काढून त्यावर पोराचं नाव, इयत्ता लिहून घेतली. "आन् मारू नका," ती म्हणाली. "नुसता दम द्या." मुकादमानं हाक मारली तशी ती पळाली. पुढचे काही मैल रस्ता सरळ होता आणि गाडीत कुणी बोललं नाही.

पुण्याच्या नगर रस्त्याबद्दल मी लिहिणार नाही. त्यासाठी वेगळी शिवीगाळ लागेल. मुकुंदनगरात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. महोत्सव पूर्वी रमणबागेच्या मैदानावर भरायचा, २०१८ पासून इकडे. गुरू सवाई गंधर्व १९५२ साली गेले, दुसऱ्या वर्षीपासून भीमसेनजींनी हा उत्सव मांडला, आणि तेव्हा गाणं पहाटेपर्यंत चालायचं. आता कायद्यानं रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद. एखाद्या दिवशी बारापर्यंत सूट. मालकंस, दरबारी हे रात्री उशिराचे राग, त्यांनी आता चहा पिऊन लवकर यायचं. आमच्याकडे वरातीतला डीजे मध्यरात्री खिडक्यांची तावदानं हलवतो तेव्हा हा कायदा कुठे झोपलेला असतो कोण जाणे.

गाडी लावायची जागा डाव्या हाताला. मी डोळे मिटून घेतले. मंडपातून तंबोऱ्याचा झंकार ऐकू येत होता, त्यात आमची काळी चार मिसळली. लोकरी टोपीतले एक आजोबा बगलेत सतरंजी घेऊन चालले होते. ते थांबले, पाटलांच्या खिडकीशी वाकले आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, "आत मारवा चालू आहे. मारव्यात षड्ज इतका लावत नाहीत."

मास्तरांनी गाडीतून उतरून त्यांना वाकून नमस्कार केला. पुण्याला आल्याचं सार्थक इथंच झालं असं ते नंतर म्हणाले. आत जायची घाई त्यांनी केलीच नाही. मी मात्र भारतीय बैठकीत जागा धरली आणि विलंबित सुरू होताच सवयीनं तल्लीन झालो. बाजूच्या बाईंनी घोरण्याबद्दल तक्रार केली म्हणे. कुठल्या पट्टीत होतं, हे मास्तरांनी मला सांगितलेलं नाही.

परतीच्या वाटेवर पाटील खूश होते. त्यांचा हिशेब असा की येताना जेवढी वळणं डावी होती, ती आता उजवी झाली. आता अंबाजोगाईचा घाट बिनआवाजी. कात्री लावल्यासारखं मास्तरांनी मध्येच विचारलं, "आन् येताना जी उजवी हुती, ती?"

पाटलांनी गाडी बाजूला घेतली. डावीकडे.