तीन बादशाहांचं सुतक

"आक्का, चार दिस झाले, भाऊ पारावर दिसले न्हाईत. ताप-बीप हाय का?"

आक्का सीताफळं निवडत होती. डोळे पडलेली पाटीत, कच्ची गवतात.

"ताप कशाचा! सुतक धरलंय. आपल्या लिंगायतांत सुतक न्हाई, पर ह्यांनी धरलंय. तीन बादशाहांचं."

मी कुंपणाला आणखी चिकटले.

"भाऊबीजेच्या रात्री तिरटाला बसले. हातात तीन बादशाह. पानं बघून चाल वाढवत गेले, समोरचा बी उठंना. सीताफळाच्या दोन खेपांचे साडेचार हजार मधी पडले. शो झाला, तर त्यानं तीन एक्के टाकले!"

"अगं बाई!"

"तवापासून जेवताना बादशाह, झोपताना बादशाह. 'माझं काय चुकलं सांग' म्हनतेत. कायबी चुकलं न्हाई, तेच तर दुखणं! चुकलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते, त्यांनी खाली मान घालून ऐकले असते, मिटलं असतं."

"मग पोरानं समजवायचं की."

"त्यानंच घोळ केला. बारावीला हाय, वहीवर मांडून दाखवलं. बावन्न पानांतून तीन पानं म्हने 22,100 तऱ्हांनी येतेत. अन् आपल्याकडं तीन बादशाह असताना समोरच्या एकाला तीन एक्के यायचे म्हंजे 4,606 वेळांत एकदा. वाटलं, ऐकून गप बसतील. तर कागद फाडून खिशात घातला! भेटंल त्याला दाखवायलेत, जसा काय ग्रामपंचायतीनं दाखला दिलाय."

"अन् पोळ्याला जोडीवर जिंकले ते? तेबी ब्लाइंड!"

"त्याचा कागद कुठंय! तवा म्हनले, ह्या खेळाला डोकं लागतंय."

आक्का हसली, पण लगेच पाटीत बघायला लागली.

"ऑगस्ट 2025 ला सरकारनं मोबाइलवरचे पैशाचे खेळ बंद केले, तवा मी मन्मथस्वामींच्या समाधीपुढं नारळ फोडला. आता वाटतंय, मोबाइलात बरं होतं. एक्के कुणाचे, ते तोंड तरी दिसायचं न्हाई. हा मानूस रोज नळावर भेटतो, शरणार्थ करतो, अन् वरून इचारतो, भाऊ, बसायचं का?"

"पुनवंला दिंड्या येतील, गर्दी होईल. जरा मन रमंल त्यांचं."

"व्हय, पाणी वाटायला उभं करते. पर एका हातात तांब्या अन् एका हातात कागद, हे मी आत्ताच सांगते तुला."

इतक्यात घरातून हाक आली. "अगं, माझा निळा शर्ट कुठंय? खिशात कागद होता!"

आक्कानं दोरीवरच्या ओल्या निळ्या शर्टाकडं बघितलं, मग माझ्याकडं. अन् काही न बोलता डोळे पडलेली दोन मोठी सीताफळं कुंपणावरून माझ्या ओच्यात टाकली.