'फाईल वर्डमध्येच पाठवा' साहेबांस खुले पत्र

प्रति,
मा. 'फाईल वर्डमध्येच पाठवा' साहेब,
सर्व कार्यालये, सर्व मजले.

विषय : आमच्या खिशातून आपली सोय होत राहण्याबाबत.
संदर्भ : आपला व्हॉट्सॲपवरील निरोप, 'फाईल ओपन होत नाही. वर्डमध्ये पाठवा.'

महोदय,

वरील निरोपाच्या अनुषंगाने सविनय कळविते की, मी बत्तीस सदनिकांच्या एका गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे. पद मानद आहे, म्हणजे मान कमी आणि दगदग जास्त. माझं संगणकावरचं काम ते किती? सभेची नोटीस, इतिवृत्त, थकबाकीदारांना स्मरणपत्रं आणि मेंटेनन्सचा तक्ता. एवढ्याला लिब्रेऑफिस पुरतं. ते फुकट आहे, हाच आपल्या नजरेत त्याचा सर्वांत मोठा दोष.

आपण आम्हाला 'मायक्रोसॉफ्ट ऑफिसची वर्गणी भरा' असं कधीही सांगितलेलं नाही, हे आधी कृतज्ञतापूर्वक नमूद करते. आपण फक्त 'वर्डमध्ये पाठवा' म्हणता. वर्ड आणायचं कुठून, ते आमच्या हिकमतीवर सोडता. वर्गणी दरवर्षी काही हजारांची. ती संपली की स्वतःच लिहिलेलं पत्र वाचता येतं, छापता येतं, पण त्यातला काना-मात्रा बदलता येत नाही. मग लोक नाक्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे जातात. तिथला मुलगा पेनड्राइव्ह लावतो, आधी अँटिव्हायरस बंद करतो आणि चहा येईपर्यंत ऑफिस 'ॲक्टिवेट' करून देतो. पुढे त्याच संगणकावर सभासदांचे पॅन आणि बँक खाते क्रमांक टाइप होतात. कायदेशीर अर्जासाठी नागरिकाला चोरीचा माल बाळगायला लावायचा आणि स्वतःचे हात मात्र स्वच्छ ठेवायचे, हे कसब प्रशिक्षणाने येत नाही. ते उपजतच असावं लागतं.

आपल्या निष्ठेपुढे तर मी नतमस्तक आहे. लिब्रेऑफिस वापरतं तो ओडीएफ हा खुला फॉरमॅट 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. डॉकएक्सचं घराणं, म्हणजे ओओएक्सएमएल, त्या पंक्तीला बसलं 2008 मध्ये, आणि तेही भारतीय मानक ब्यूरोचं मत विरोधात असताना. केंद्र सरकारने 2015 मध्ये धोरण काढलं की सरकारी कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं. यांपैकी कशानेही आपलं चित्त विचलित झालं नाही. त्याहून थोर गोष्ट म्हणजे खुद्द वर्डला 2009 पासून ओडीटी, म्हणजे ओडीएफमधल्या पत्राची फाईल, उघडता येते. आपल्या टेबलावरचं सॉफ्टवेअर आमची फाईल घ्यायला तयार आहे. नकार देणारे आपण एकटेच.

'तुमच्या त्या फुकटच्यात लेआउट हलतो,' असं आपण म्हणता. हलतो, मान्य. पण का हलतो, ते आपल्याच नमुना अर्जात पाहावं. 'सचिव' हा शब्द उजवीकडे नेण्यासाठी आपल्या कार्यालयाने स्पेसबार दाबून धरला आहे. नाव-पत्त्याच्या रेघा टिंबं मारून काढल्या आहेत. नवं पान येईपर्यंत एंटर ठोकले आहेत. असा अर्ज आपल्या शेजारच्या टेबलावरच्या वर्डमध्येही हलेल, तिथे फॉन्ट वेगळा असला म्हणजे झालं. लिब्रेऑफिस आपल्या परीने सांभाळून घेतं : कॅलिब्री नसला तर तितक्याच रुंदीच्या अक्षरांचा कार्लिटो वापरतं. पण मंगलच्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट आला की ओळी लांबतात आणि सचिवाची सही पुढच्या पानावर एकटीच जाऊन बसते. टॅब, तक्ता आणि पेज ब्रेक या सोयी वर्डमध्येही आहेत. त्या वापरायला वरिष्ठांची मंजुरी लागत नसावी.

मराठीची तर वेगळीच तऱ्हा. आपलं मागचं परिपत्रक वर्डमध्ये होतं, डॉकएक्स होतं, सगळं शास्त्रोक्त होतं. उघडलं तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि अगम्य चिन्हं. ते कृतिदेवात टाइप केलेलं होतं. या जुन्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी मजकूर मराठी नसतोच. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. फॉन्ट त्यांना फक्त मराठी मुखवटे चढवतो. फॉन्ट नाही तर मुखवटा नाही. अशा फाईलमध्ये 'थकबाकी' शोधावी तर सापडत नाही, नावं अकारविल्हे लावावीत तर लागत नाहीत, आणि मोबाईलवर उघडली तर सभासद विचारतात, 'ताई, व्हायरस आला का?' युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. विंडोज, लिनक्स, मोबाईल, सगळीकडे तीच चालते. हजारोंच्या वर्डने न सुटणारं कोडं तिने फुकटात सुटतं. पण फुकटाबद्दलचं आपलं मत वर आलंच आहे.

सभासदांची यादी मात्र आपल्याला 'एक्सेल 97-2003' मध्येच हवी. त्या जुन्या फॉरमॅटमध्ये 65,536 ओळींपुढे जागा नाही. 2020 मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने कोविडचे आकडे त्यातूनच नेले आणि 15,841 रुग्णांच्या नोंदी मागे राहिल्या. आमच्या बत्तीस सदनिकांना तो धोका नाही. तरी गेल्या शतकाचा हा आग्रह कुणाच्या सोयीसाठी, ते कळलं तर वार्षिक सभेत सांगता येईल.

आता न्यायाचं बोलायचं तर ज्यांना वर्ड-एक्सेल लागतं त्यांना ते लागतंच. आमच्या लेखापरीक्षकांच्या शीटमध्ये मॅक्रो आहेत. लिब्रेऑफिसमध्ये ते जसेच्या तसे चालतील याचा भरवसा नाही. ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांनी खुशाल वर्गणी भरावी, तो धंद्याचा खर्च. महिन्याला चार पत्रं लिहिणाऱ्याला लिब्रेऑफिस आहे, त्याचे मेनूही मराठीत करून घेता येतात. नेट बरं असेल तर गूगल डॉक्स आहे, चेन्नईच्या झोहोचं रायटर आहे, ब्राउझरमधलं फुकट वर्डसुद्धा आहे. निवडताना जाहिरात वाचू नये. रोजच्या वापरातली एक खरी फाईल घ्यावी, जिच्यात तक्ता, मराठी मजकूर आणि सहीची जागा आहे, आणि ती इथे लिहून तिथे उघडून पाहावी.

आणि इतकं करून आमच्या डॉकएक्सचं आपण करता काय? प्रिंट काढता, शिक्का मारता, पंच करून फाईलला लावता. मग त्या कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर आम्हालाच पाठवता.

तरी पुढील विनंत्यांचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा :

1. जे फक्त वाचायचं वा छापायचं आहे, ते पीडीएफमध्ये घ्यावं आणि द्यावं.
2. ज्यात दुरुस्ती करायची आहे, ते डॉकएक्स किंवा ओडीटी, कोणतंही चालेल असं परिपत्रकातच लिहावं.
3. मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा, अशी सक्ती मात्र जरूर करावी. आपल्याला सक्तीची हौस आहे; ती इथे सत्कारणी लागेल.

वरील तिन्ही विनंत्या नियमात बसत नसल्यास अर्जाच्या शुल्कपत्रकात 'वर्डची वार्षिक वर्गणी' अशी स्वतंत्र बाब घालून ती रक्कम आमच्याकडून अधिकृतपणे वसूल करावी. आम्ही भरू. निदान पावती तरी मिळेल, आणि लेखापरीक्षक तो खर्च मंजूर करतील.

कळावे,
आपली विश्वासू,
मानद सचिव